तारेपुढची फुली

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे: जी वस्तू पाहिली नाही, तिचा अर्थ लिहायचा नाही.

ऐकायला हा नियम साधा वाटतो. पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाला तर फारच साधा वाटतो, म्हणून रुजू होताना मी मान डोलावून मोकळी झाले. ‘जळू’ या शब्दासाठी मुख्य संपादकांनी खरोखरच एक जळू बरणीतून आणवली होती, ती त्यांच्या डाव्या मनगटाला चिकटली आणि त्यांनी ती न काढता उजव्या हाताने अर्थ पुरा केला, हे मला नंतर कळलं. तो अर्थ फार चांगला उतरलाय. ‘उचकी’साठी अख्खी कचेरी कुणाला तरी उचकी लागायची वाट बघत बसली होती. ‘जांभई’ला काही अडचण आली नाही.

जे पाहता येत नाही, त्या शब्दापुढे बारीक फुली छापतात. फुलीचा खुलासा पहिल्याच पानावर आहे: ‘संपादकांनी पाहिलेले नाही.’ ‘ज्वालामुखी’पुढे अशी फुली आहे. ती मारून घरी गेल्यावर साहेब, म्हणजे मुख्य संपादक, दोन दिवस जेवले नाहीत असं सांगतात. सांगणाऱ्यांचा उत्साह वजा करून मी एक वेळचं जेवण धरते.

अर्थाखाली दाखला लागतो. दाखला म्हणजे तो शब्द नेमक्या त्याच अर्थाने वापरलेलं, कुणीतरी खरोखर लिहिलेलं वाक्य. आपण रचलेलं चालत नाही. कुठून उचललं याला मात्र बंधन नाही. ‘ठिसूळ’चा दाखला एका बिस्किटाच्या पुड्यावरून घेतलाय आणि ‘ढकलणे’चा एका बँकेच्या दारावरून. ही सगळी वाक्यं गोळा करतात त्या दाखलेबाई. आमच्याकडे माणसांना कामाने ओळखतात. ‘व्युत्पत्ती चहाला गेलेत,’ ‘मुद्रितशोधनाचे पाय सुजलेत,’ अशी वाक्यं कचेरीत सहज ऐकू येतात. मला तांत्रिक शब्दांसाठी घेतलं होतं, त्यामुळे मी ‘विज्ञान’. ‘विज्ञान, पंखा जरा कमी करा.’

माझी नेमणूक खंड छपाईला जाईपर्यंतच होती. माझ्या टेबलावरचे सगळे शब्द फुलीशिवाय गेले तर नोकरी कायम. एकालाही फुली पडली तर मी विमा कंपनीच्या परीक्षेला बसायचं, असं घरी ठरलं होतं. ठरवलं बाबांनी होतं. शब्दांचे अर्थ लिहिण्यासाठी कुणी पगार देतं यावर त्यांचा अजून विश्वास बसला नव्हता. ‘अर्थ सगळ्यांना माहीतच असतात,’ असं ते म्हणत.

‘तंतू’, ‘तपमापक’, ‘तरंगलांबी’ हे सगळं मी पाहून, तपासून हातावेगळं केलं. शेवटी एकच शब्द उरला. तो तांत्रिक नव्हताच. पण त्यात तार असल्यामुळे माझ्या टेबलावर आला होता. तारेवरची कसरत.

जुन्या आवृत्तीत अर्थ होता: ‘तारेवर करण्यात येणारी कसरत.’

यात चूक काहीच नाही. माहितीही काही नाही.

दाखलेबाईंनी या शब्दाचा ड्रॉवर उघडला तेव्हा तो पुरता उघडेना, इतका भरला होता. मी दोन दुपारी बसून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. आई आणि बायको यांच्यामध्ये नवरे तारेवर होते. घर आणि नोकरी यांच्यामध्ये बायका तारेवर होत्या. अर्थमंत्री दर वर्षी ठरावीक महिन्यात तारेवर चढत. मुख्याध्यापक, अनुवादक, भाडेकरू, संपादक, सगळे तारेवर. एका कादंबरीतली नायिका सलग तीन प्रकरणं तारेवर होती आणि त्याच काळात तिने एका मुलाला जन्मही दिला होता.

मी माझ्या सवयीप्रमाणे तक्ता आखला. चालणारा कोण, उंची किती, वारा होता का, खाली जाळी होती का, तार कशाला बांधली होती आणि माणूस पलीकडे पोचला का. पहिला रकाना भरला. बाकीचे रिकामे राहिले. एवढ्या मोठ्या साहित्यात एकालाही तार कशाला बांधलीय हे सांगावंसं वाटलं नव्हतं, आणि पलीकडे पोचलेला माणूस तर एकही नव्हता.

‘बाई,’ मी म्हटलं, ‘यात खरी तार कुठेच नाही.’

‘नसायचीच,’ दाखलेबाई म्हणाल्या. ‘लोक तिच्यावरून इतके गेलेत की ती झिजली असणार. आता हा ड्रॉवर बंद. या शब्दाची एकसुद्धा नवी चिठ्ठी मी घेणार नाही, सांगून ठेवते.’

मुख्य संपादकांकडे गेले. ते वयाने बरेच मोठे, अंगाने सडपातळ आणि आवाजाने इतके हळू आहेत की समोरचा आपोआप पुढे वाकतो. मी मोबाइलवर तारेवर चालणाऱ्या माणसाची चित्रफीत दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली.

‘छान आहे. पण ही पाहिलेली वस्तू नव्हे, विज्ञान. पडद्यावरच्या माणसाला वजन नसतं.’

‘सर, शहरात सर्कस येत नाही आता. तंबू लागायचा त्या मैदानात गाड्या लागतात.’

‘मग फुली,’ ते म्हणाले, आणि ‘ज्वालामुखी’ची आठवण झाल्यासारखे खिडकीबाहेर बघू लागले.

माझ्यापुढे दोन रस्ते होते: विमा कंपनी किंवा तार. मी तार घेतली.

हार्डवेअरच्या दुकानात तारेचं वेटोळं मागितलं तेव्हा दुकानदाराने विचारलं, ‘कपडे वाळत घालायला का?’

‘नाही, चालायला.’

‘मग जाड घ्या,’ तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. या सगळ्या प्रकरणात माझा पाणउतारा न करता सल्ला देणारा तो एकमेव माणूस.

जागा गच्चीच होती. एका टोकाला पाण्याच्या टाकीचा खांब, दुसऱ्या टोकाला जिन्याच्या खोलीच्या भिंतीतली लोखंडी कडी. उंची मी गुडघ्याएवढी ठरवली. पडण्याचे नियम गुडघ्याच्या उंचीवरही तेच असतात आणि हाडं वाचतात. अडचण एवढीच की आमच्या इमारतीला दोन जिने आहेत, दोन कमिट्या आहेत, दोन चिटणीस आहेत आणि गच्ची एक आहे. टाकी पुढच्या जिन्याच्या ताब्यात. जिन्याची खोली मागच्या. पुढचे चिटणीस आणि मागचे चिटणीस एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण कशावरून झालं ते आता कुणालाच आठवत नाही. त्यांनाही आठवत नाही, म्हणूनच ते मिटत नाही.

पुढचे चिटणीस दारातच भेटले. ‘तार कुठून कुठे?’

‘तुमच्या खांबापासून त्यांच्या कडीपर्यंत.’

‘म्हणजे निम्मी तार आमची.’

‘हो.’

‘आणि निम्मी त्यांची.’ त्यांनी बराच विचार केला. ‘तुम्ही मधोमध थांबणार का?’

‘का?’

‘मधोमध थांबलात तर परवानगी कुणाची?’

मी न थांबण्याचं वचन दिलं. त्यांनी त्यांच्या निम्म्या तारेपुरती परवानगी दिली. मागच्या चिटणिसांनी त्यांच्या निम्म्या तारेची दिली, पण आधी विचारलं, ‘त्यांनी काय अटी घातल्या?’ मी सांगितल्यावर म्हणाले, ‘मग आमच्याकडून एक जास्त लिहा. बूट घालायचे नाहीत.’ दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराच्या एका फळीवर पुढच्यांची सूचना लागली, ‘दोरीच्या प्रकारांशी कमिटीचा संबंध नाही,’ आणि दुसऱ्या फळीवर मागच्यांची, ‘लोंबकळणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर लोंबकळावे.’ मी एक सुशिक्षित मुलगी असून लोंबकळत नाही, हे मी जिन्यात भेटलेल्या बऱ्याच लोकांना समजावून सांगितलं.

तार बांधली, ताण बसवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर तारेवर चादरी होत्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चादरींच्या मध्ये पायमोजे. गुडघ्याएवढ्या उंचीवर चादर वाळत घालायची म्हणजे ती फरशीवर लोळणार, म्हणून कुणीतरी तार चार विटा लावून मध्ये उचलली होती.

‘अगं, तुझी तार होय?’ वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. ‘आम्हाला वाटलं, कमिटीने एकदाचं काहीतरी केलं. जरा खाली बांधलीस पण.’

‘वहिनी, ही शब्दकोशासाठी आहे.’

‘असू दे की. वाळेपर्यंत तुझा कोश काय पळून जातोय?’

ओल्या चादरीने तार किती झुकते याची नोंद मी करून ठेवली. हाती आलेली माहिती टाकू नये.

सराव सुरू झाला. तोल सावरायला लांब दांडा हवा. दांडा जितका लांब तितका माणूस सावकाश कलंडतो, आणि त्याला सावरायला वेळ मिळतो. घरात तेवढा लांब दांडा एकच होता, बैठकीच्या खोलीच्या पडद्याचा. मी तो कड्यांसकट काढून नेला. बाबांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘समोरच्या इमारतीला आपलं जेवण पाठ झालंय. काल त्यांनी मला खुणेने मीठ कमी खायला सांगितलं.’

‘बाबा, थोडेच दिवस.’

‘विमा कंपनीत पडदे असतात,’ बाबा म्हणाले.

आत्या मात्र रोज माझ्याबरोबर वर यायची. स्टूल टाकून मटार सोलत बसायची.

‘पडलीस.’

‘हो, आत्या.’

‘परत पडलीस.’

‘माझं लक्ष आहे, आत्या.’

‘असू दे. मी मोठ्याने सांगते, म्हणजे तुला लिहायला बरं.’ एक शेंग सोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘तू अशी बघतेस कुठे? ताठ समोर बघ. लोक काय म्हणतील, बुजगावणं उभं केलंय.’

सल्ला देणारे वाढत गेले. योगासनं करणाऱ्या शेजाऱ्यांनी श्वास पोटात धरायला सांगितलं, गाडी शिकवणाऱ्यांनी सोडायला सांगितलं. एक आजोबा रोज येऊन फक्त ‘नको’ म्हणायचे आणि परत जायचे. पण सगळ्यांना खात्री होती की खरी मदत सर्कसकाका करतील. तळमजल्यावरचे सर्कसकाका उमेदीच्या वयात सर्कशीत होते. ते झुल्यावरून झुल्यावर जात असं माझ्या लहानपणापासून इमारतीत बोललं जाई, आणि ते जिना सांभाळून उतरायचे ते त्यामुळेच, असं आम्ही समजत होतो.

मी त्यांना वर बोलावलं. त्यांनी तारेकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘खाली बघू नकोस.’

‘खाली बघ,’ आत्या म्हणाली. ‘खाली कुंड्या आहेत.’

‘काका, तुम्हीच चालून दाखवा ना. मला पाहायचंच आहे. पाहिल्याशिवाय अर्थ लिहिता येत नाही.’

काकांनी चष्मा काढून पुसला. ‘हे बघ, मी तिकीट खिडकीत होतो.’

‘आणि झुला?’

‘झुल्याचं लोकच म्हणत आले. मी नाही म्हणालो नाही, एवढंच. खिडकी तंबूच्या बाहेर असायची. आत खेळ रंगला की आमच्याकडे पुढच्या खेळाची रांग. इतकी वर्षं सर्कशीत काढली, पण तारेवरचा माणूस मी नुसता ऐकला.’

‘ऐकला म्हणजे?’

‘आत एकदम सगळं गप्प व्हायचं. वाघाला नाही व्हायचं तेवढं. मग बऱ्याच वेळाने टाळ्या. त्या गप्प होण्यावरून आम्ही समजायचो की तार चालू आहे.’

‘इतकी वर्षं आम्हाला झुल्यावर बसवलंत,’ आत्या म्हणाली.

‘तुम्हीच बसवलंत,’ काका म्हणाले. ‘मी उतरलो नाही, इतकंच.’

ऐकलेलं आमच्या कोशात चालत नाही. मी काकांना चहा दिला आणि परत तारेवर चढले.

छपाईच्या आदल्या दिवशी मुख्य संपादक आणि दाखलेबाई पाहणीला आले. तोवर मला तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या जवळपास जाता येऊ लागलं होतं. बातमी फुटली होतीच. गच्चीवर सबंध इमारत जमली. वहिनींनी चादरी काढून खांद्यावर घेतल्या, पण तिथेच उभ्या राहिल्या, म्हणजे संपलं की लगेच घालता येतील. बाबा सुट्टी काढून घरी राहिले होते. आपण फक्त पडद्याचा दांडा परत न्यायला आलोय असं ते सगळ्यांना सांगत होते. पुढचे चिटणीस आपल्या खांबाशी उभे राहिले आणि मागचे आपल्या कडीशी. आपापल्या मालमत्तेचं काही नुकसान झालं तर ते पहिल्यांदा आपल्याच डोळ्यांनी पाहायचं, असा दोघांचाही निश्चय दिसत होता.

‘उंचावर, असं लिहिणार ना तुम्ही?’ साहेबांनी तारेकडे बघत हळूच विचारलं.

‘सर, जमिनीपासून चार मजले आणि एक गुडघा आहे.’

‘तेही खरं,’ ते म्हणाले.

मी चढले. दांड्याच्या कड्या किणकिणल्या आणि सगळी गच्ची गप्प झाली. मी निघाले. पाऊल, थांबणं, पुन्हा पाऊल. बरोबर मध्यावर आले आणि मागच्या चिटणिसांच्या भिंतीतून कुरकुर ऐकू आली. कडी हळूहळू बाहेर येत होती.

मागच्या चिटणिसांनी झडप घालून तार धरली. हे समजण्यासारखं आहे. पण पुढच्या चिटणिसांनीही आपल्या टोकाला झडप घालून तार धरली. त्यांचा खांब शाबूत होता. मागच्यांनी धरलीय म्हटल्यावर आपण नुसतं उभं राहणं त्यांना बरं दिसलं नसावं. अशा तारेवर माझ्या वजनाने जो ताण येतो तो दोन चिटणिसांना झेपणं शक्य नाही, हे मी कागदावर दाखवू शकते. त्यामुळे व्हायचं तेच झालं. तार सावकाश, अगदी अदबीने खाली आली, आणि माझे पाय फरशीला टेकले. मी दांडा आडवा धरून गच्चीवर स्वस्थ उभी होते. दोन्ही टोकांना दोन चिटणीस लालबुंद होऊन, दात-ओठ खाऊन तार ओढत होते.

‘सोडू नका,’ पुढचे चिटणीस ओरडले.

‘तुम्ही सोडू नका,’ मागचे ओरडले.

कित्येक वर्षांत दोघांनी एकमेकांना उद्देशून काढलेला हा पहिला शब्द. आत्याने मटार बाजूला ठेवले.

‘अहो, ती जमिनीवर आहे,’ बाबा म्हणाले.

दोघांनी तार सोडली, पण त्याआधी एकमेकांकडे बघून घेतलं, आधी कोण सोडतो ते. शेवटी बरोबरच सोडली.

साहेब पुढे आले. दाखलेबाईंनी कागद धरला. ‘छान,’ ते म्हणाले. ‘अर्ध्यापर्यंत तरी तार होती. विज्ञान, तुम्ही काय पाहिलंत?’

मी काय पाहिलं होतं? समोरची भिंत. भिंतीवरचा ओलीचा डाग. आत्याने सांगितल्याप्रमाणे मी ताठ समोर बघत होते.

खोटं बोलणं अवघड नव्हतं. चाळीसेक लोकांनी मला तारेवर पाहिलं होतं. मी पाहिलं नाही हे फक्त मला माहीत होतं. पडदा दांड्यावर परत गेला असता, मी कायम झाले असते.

‘सर,’ मी म्हटलं, ‘मी नाही पाहिलं. मी तारेवर होते.’

दाखलेबाईंची पेन्सिल थांबली. वहिनींनी एका खांद्यावरची चादर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

‘बरोबर,’ साहेब म्हणाले. ‘तारेवरच्या माणसाला ते दिसत नाही. हा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता.’

‘म्हणजे फुली का?’ बाबांनी विचारलं. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदाच फुलीबद्दल बोलले, आणि त्यांच्या आवाजात विमा कंपनी अजिबात नव्हती.

साहेब खाली वाकून बुटांचे बंद सोडत होते.

‘तार परत बांधता येईल का?’ त्यांनी विचारलं. ‘कडी गेली, पण जिन्याच्या खोलीला खांब आहे.’

मागच्या चिटणिसांनी पुढच्या चिटणिसांकडे पाहिलं. ‘खांबाला बांधायची तर ताण दोन्हीकडून एकदम द्यावा लागेल.’

‘मग द्या ना,’ पुढचे म्हणाले. ‘मी काय नको म्हणतोय?’

तार बांधली. या वेळी दोघांनी विचारून विचारून बांधली. ‘तुमच्याकडे बसली का?’ ‘जरा सैल आहे, थांबा.’ ‘आता?’ ‘आता बघा.’ साहेबांनी बूट कुंडीशेजारी नीट जोडून ठेवले, मोजे बुटांत घातले आणि पडद्याचा दांडा हातात घेतला.

‘सर, तुम्ही नका,’ मी म्हटलं.

‘जळूपेक्षा बरं,’ ते म्हणाले. ‘तुम्ही फक्त बघा. आणि सरळ समोर बघू नका, माझ्याकडे बघा.’

ते चढले. मी एका बाजूला, दाखलेबाई दुसऱ्या बाजूला चालत होतो. गच्ची पुन्हा गप्प झाली. सर्कसकाका, जे बराच वेळ पाठीमागे होते, माणसं बाजूला करत पुढे आले आणि टाकीला टेकून उभे राहिले.

मी पाहिलं. साहित्यात ज्याला तोल सांभाळणं म्हणतात, ते तिथे कुठेच नव्हतं. साहेब एक क्षणही स्थिर नव्हते. ते डावीकडे पडायला लागायचे, दांडा झुकायचा, कड्या वाजायच्या, ते सावरायचे आणि तेवढ्यात उजवीकडे पडायला लागायचे. दर पावलाला ते पडत होते आणि दर पावलाला ते पडणं पुरं होत नव्हतं. तार त्यांच्या पायांखाली बारीक गुणगुणत होती. दोन्ही टोकांना दोन्ही चिटणीस खांबांवर हात ठेवून उभे होते. खांबांना त्याची गरज नव्हती.

मधोमध ते थांबले. कुणीही परवानगी विचारली नाही. मग पुन्हा निघाले, आणि पलीकडच्या खांबाला त्यांनी हात लावला.

टाळ्या जरा उशिराच आल्या. कुणाला सुचलंच नाही. पहिली टाळी सर्कसकाकांची होती.

‘असं असतं होय,’ ते म्हणाले. टाळ्या संपल्यावरही ते तारेकडेच बघत होते.

मी तिथेच स्टुलावर बसून अर्थ लिहिला. साहेब बूट घालता घालता वाचत होते. त्यांनी एवढंच खोडलं: मी ‘थरथरत्या पायांनी’ लिहिलं होतं.

‘ते पाय माझे होते,’ ते म्हणाले. ‘तारेचा तो गुण नव्हे.’

मला वाटलं, झालं. पण दाखलेबाई पेन्सिलीने कानामागे खाजवत होत्या.

‘अर्थ ठीक आहे. दाखला?’

‘ड्रॉवर भरलाय की, बाई.’

‘तो लाक्षणिक अर्थाचा. हा पहिला अर्थ, खऱ्या तारेचा. खऱ्या तारेचं वाक्य तुम्हाला सापडलं नाही, मलाही सापडलेलं नाही. दाखल्याशिवाय अर्थ जात नाही. उद्या दुपारी खंड छपाईला जाईल, तो जुन्या, न पाहता लिहिलेल्या अर्थासकट आणि म्हणून फुलीसकट.’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता.

त्या संध्याकाळी बाबांनी पडदा परत लावला. विमा कंपनीचं नाव काढलं नाही. जेवताना फक्त म्हणाले, ‘चढला कसा पण तो माणूस,’ आणि पुष्कळ मीठ घेतलं.

सकाळी गच्चीवर तार सोडायला गेले. माझ्या आधी तिथे वर्दळ होती. योगासनंवाले शेजारी तारेवर चढत होते, गाडी शिकवणारे त्यांना उतरवत होते, ‘नको’ म्हणणारे आजोबा मोजे काढून रांगेत उभे होते आणि वहिनी ओल्या चादरींचा पिळा हातात घेऊन सगळ्यांशी भांडत होत्या. काल संध्याकाळपासून हेच चाललंय असं कळलं. त्यामुळे दोन्ही कमिट्यांना काहीतरी करणं भाग पडलं होतं.

गच्चीच्या दारावर दोन्ही फळ्यांच्या जुन्या सूचना काढलेल्या होत्या. त्या जागी एकच कागद, दोन्ही फळ्यांवर निम्मा निम्मा येईल असा चिकटवलेला, त्यामुळे दार उघडलं की फाटेल असा. त्यावर लिहिलं होतं:

‘गच्चीवर तारेवरची कसरत करणाऱ्यांनी आधी तारेवरचे वाळलेले कपडे नीट काढून ठेवावेत. कपडे ओले असल्यास कसरत करू नये.’

खाली दोन सह्या. पुढचे चिटणीस, मागचे चिटणीस. कोण वर आणि कोण खाली हा प्रश्न त्यांनी दोघांची नावं तिरकी लिहून सोडवला होता.

मी कागदाचा फोटो काढला आणि घरच्या कपड्यांतच कचेरी गाठली. दाखलेबाईंनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून वाचला, चष्मा बदलून पुन्हा वाचला. ‘खरी तार आहे ना?’

‘कपडे वाळतात तिच्यावर, बाई.’

त्यांनी चिठ्ठी लिहिली. दुपारी खंड गेला. छापून आला तेव्हा मी आधी तेच पान काढलं. शब्दापुढे फुली नव्हती. ‘तारेवरची कसरत: दोन टोकांना पक्क्या बांधलेल्या तारेवरून, सतत पडू लागत आणि सतत सावरत, पलीकडे चालत जाणे.’ आणि खाली चादरींचा दाखला, कंसात: ‘गच्चीच्या दारावरील सूचना.’ बाबांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, ‘हे मला माहीत नव्हतं.’ आत्या म्हणाली, ‘कपड्यांचं लिहिलं ते बरं झालं.’

मी कायम झाले. एकच काम राहिलंय. कोशाच्या दप्तरी दाखल्याचा मूळ कागद ठेवतात, आणि तो दारावरून काढायला दोन्ही चिटणिसांची संमती लागते. पुढचे म्हणतात, आधी मागच्यांना विचारा. मागचे म्हणतात, त्यांनी काय अटी घातल्या? आता दोघांचं जरा जमू लागलंय, त्यामुळे कुणालाच दुखवून चालत नाही. काल हे सगळं दाखलेबाईंना सांगून मी म्हटलं, ‘काय सांगू बाई, या दोघांच्या मध्ये माझी अगदी—’

‘थांबा,’ त्या म्हणाल्या. ‘तो ड्रॉवर भरलाय.’